आतल्या पिंपातली आंबील

१

गुरुवारी सकाळी सव्वासात वाजता आंबील कट्ट्यावर गणपतराव इंगवले बाकावरून खाली कोसळले. त्याआधी ते उलट्या करत होते. त्यांना उचलायला धावलेल्या दोघांनाही दारातच उमासे आले. रिक्षावाल्यांनी भराभर रिक्षा लावल्या. आठ वाजायच्या आत कट्ट्यावरचे नऊ म्हातारे दवाखान्यात होते.

कट्टा म्हणजे गुळाचं एक बंद गोदाम. गल्लीतल्या बायकांनी तीन वर्षांपूर्वी ते झाडून-सारवून घेतलं होतं. ज्यांच्याशी घरात दिवसचे दिवस कुणी बोलत नव्हतं अशी माणसं सकाळी तिथं यायची. नाचणीची आंबील प्यायची, रक्तदाब मोजून घ्यायची, हातपाय हलवायची आणि पेपर मोठ्यानं वाचून त्यावर भांडायची. बिद्रीच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले गणपतराव पहिल्या वर्षी कोपऱ्यात गप्प बसून असत. आता पेपर वाचायचा मान त्यांचाच होता.

आंबील स्टीलच्या दोन पिंपांत भरली जाई. एक बाहेर फुटपाथवर, रिक्षावाले आणि झाडूवाल्यांसाठी. दुसरं आत, कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांसाठी. त्या सकाळी बाहेरच्या पिंपातली आंबील प्यालेल्या एकालाही काही झालं नाही. जे आडवे झाले ते सगळे आतले.

फौजदार आले. त्यांनी आतल्या पिंपातला नमुना बाटलीत घेतला आणि जमलेल्या गल्लीला एकच प्रश्न विचारला.

"ह्या पिंपात कुणी काय घातलं हुतं काय?"

सगळ्यांनी माना हलवल्या. न्हाई. मग स्वयंपाक करणाऱ्या बायडाबाईला जीपमध्ये बसवलं गेलं.

त्या गर्दीत कुणीही खोटं बोललं नव्हतं. क्रांती साळोखेला हे कळायला शनिवार उजाडला.

२

क्रांती विमा कंपनीसाठी दाव्यांची तपासणी करायची. जळालेली दुकानं, चोरीला गेलेल्या गाड्या, पायऱ्यांवरून पडलेली माणसं यांच्या हकिकती ऐकून त्यातलं खरं किती ते सांगणं हा तिचा पोटापाण्याचा धंदा. माहेर ह्याच गल्लीतलं. लग्नानंतर ती राजारामपुरीत राहत होती, पण रविवारची सकाळ कट्ट्यावर काढायची. कट्टा सुरू केला तो तिच्या आईनं. आईला सगळी गल्ली अक्का म्हणे, आणि लहानपणापासून ऐकून क्रांतीही अक्काच म्हणे.

गुरुवारी संध्याकाळी पोलिसांनी बायडाबाईला सोडलं. रोज येऊन हजेरी लावायची या बोलीवर. बायडाबाई मूळची कोडोलीची, विधवा. गोदामाच्या मागच्या खोलीत राहायची. गोदामाला आणि त्या खोलीला मालकांनी आता कुलूप घातलं होतं. ठाण्याबाहेर ती नुसतीच उभी राहिली, कुठं जावं हे न सुचून. तेव्हा अक्कानं तिचा दंड धरला.

"चल घरी. माझ्या खोलीत झोपायचं. कोण काय म्हनतंय बघतो मी."

म्हणणारे म्हणतच होते. गल्लीच्या तोंडाशी दोन बायका मुद्दाम ऐकू जाईल अशा बोलल्या. "बाहेरची बाई चुलीफुडं बशीवली की हे असंच व्हायचं!"

"तुमच्या घरातल्या म्हाताऱ्याला तीन वर्सं तिनंच जगीवलंय," अक्का न थांबता म्हणाली. "तुमी काय केलं? मोबाईल बघितला."

रात्रीच्या जेवणाला बायडाबाईनं हात लावला नाही. क्रांती तिच्यासमोर बसली.

"मावशी, तक्रार कुणाची आहे ठाऊक आहे ना? गणपतरावांच्या मुलाची. अभिराम पुण्याहून दुपारी आला. तक्रारीत तुमचं नाव आहे. गणपतरावांचं बरंवाईट झालं तर हे प्रकरण साधं राहायचं नाही."

"ताई, मी काय केलं न्हाई."

"मग झालं काय ते सांगा. पहिल्यापासून."

नेहमीसारखंच झालं होतं. पहाटे नाचणीचं पीठ शिजवलं, निवल्यावर ताक घातलं, जिरं-मीठ घातलं. एकाच पातेल्यातली आंबील दोन्ही पिंपांत ओतली. मग ती बाहेर वाटपाला उभी राहिली. आतले आपापले पेले भरून घेतात.

"एक इपरीत वाटलं," बायडाबाई बोलता बोलता थांबली. "आतलं पिंप मी तोंडापातूर कधीच भरत न्हाई. सांडलं तर म्हाताऱ्यांचा पाय घसरतोय. ह्यांच्या उलट्या सुरू झाल्यावर मी आत धावलो, तर पिंप जवळजवळ काठाला! सगळ्यांचं पिऊन झालतं, तरीबी मी भरलं हुतं त्याच्याहून जास्ती."

"फौजदारांना सांगितलं?"

"सांगितलं की. ते म्हनले, देवीनं बरकत दिली व्हय?"

३

शुक्रवारी सकाळी क्रांती दवाखान्यात गेली. आठ जण सावरत होते. गणपतराव अतिदक्षता विभागात होते. मूत्रपिंडं आधीच अधू, त्यात उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं. डायलिसिस सुरू झालं होतं. शुद्ध नव्हती.

"शिळ्या अन्नाची बाधा असेल का?" तिनं डॉक्टरांना विचारलं.

"त्याला बहुधा काही तास लागतात. इथं पेला खाली ठेवायच्या आत सुरुवात झालीय. मला तरी हे रसायन नाहीतर धातू वाटतो. कुठला, ते प्रयोगशाळाच सांगेल. अहवालाला वेळ लागेल."

म्हणजे बाधा पातेल्यातली नव्हती. नाहीतर फुटपाथवरचे रिक्षावालेही आडवे झाले असते. आंबील दोन पिंपांत वेगळी झाल्यावर आतल्या पिंपात आणखी काहीतरी पडलं होतं. चमचाभर पूड नव्हे, पिंप काठाला नेण्याइतकं.

गोदामाचे मालक उदयसिंह सरनोबत. त्यांना तिथं मोटारींच्या सामानाचं दुकान थाटायचं होतं, हे गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत. क्रांती त्यांच्या घरी गेली तेव्हा ते झोपाळ्यावर बसून होते.

"या तपास अधिकारी! इमा कंपनीनं पाठवलं काय?"

"बायडाबाईचे कपडे खोलीत अडकलेत. किल्ली हवी होती."

"किल्ली देतो. पर आल्यासारखं इचारा की, काका, इष तुमीच घातलं काय?"

"घातलं का?"

उदयसिंह मोठ्यानं हसले. "गुरुवारी सकाळी मी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर हुतो. म्हशीची धार बघत धा जनांबरोबर दूध पीत हुतो. फोन आला तवा पेला हातात हुता. आनि मला इष कशाला पायजे? ह्या महिन्यात कट्ट्याचा करार संपतोय. सही केली न्हाई की काम झालं. ज्याच्या हातात कात्री हाय त्यो दातानं दोरी तोडतोय व्हय?"

उर्मट होतं, पण बिनतोड होतं. क्रांतीनं मनातल्या यादीतून त्यांच्यावर काट मारली. किल्ली देताना ते जरा नरमले.

"गणपतराव माझ्या वडलांचे दोस्त. वाचू देत म्हनावं."

४

मागच्या खोलीकडे गोदामातूनच जावं लागे. बाक तसेच होते, गुरुवारचा पेपर जमिनीवर पडलेला. कोपऱ्यात पत्र्याच्या घमेल्यात न धुतलेले पेले. पोलिसांनी पिंप नेलं होतं. पेल्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

मागोमाग ताकवाला बंडू आत डोकावला. कट्ट्याला ताक त्याचंच. त्याचा चेहरा उतरलेला होता.

"ताई, माझ्या ताकाचा दोष न्हाई. एकाच कॅनमधलं दोन्हीकडं गेलं."

"माहीत आहे मला. बंडू, तू त्या दिवशी इथं आंबील प्यालास का?"

"बाहेर पेलाभर प्यालो. मग आत जाऊन थोडी घेतली. एकच घोट घेतला आनि बाकीची टाकली. चव कशीतरी लागली."

"कशी? आंबट?"

"आंबट तर असतीच. ही म्हंजे, ल्हानपनी आपन तोंडात पैसा धरत नव्हतो काय? तशी. मला वाटलं माझंच तोंड कडू झालंय."

"बाहेरची तशी नव्हती?"

"न्हाई. ती झ्याक हुती."

क्रांती घमेल्यापाशी उकिडवी बसली. बाहेरचे पेले लहान, आतले कडीचे. बाहेरच्या पेल्यांच्या तळाशी नाचणीचा तांबूस थर वाळला होता. आतल्या पेल्यांतही तोच थर होता, पण त्यात पांढरे दाणे चिकटले होते. तिनं एक दाणा नखानं काढला, बोटावर चुरडला. जोंधळ्याची कणी.

बायडाबाई आंबिलीत जोंधळा घालत नाही. साखरेच्या आजाराची माणसं म्हणून नुसती नाचणी, हा कट्ट्याचा पहिल्या दिवसापासूनचा नेम.

म्हणजे आतल्या पिंपात दुसरी आंबील ओतली गेली होती. कण्यांची.

"बंडू, परवा बुधवारी काय होतं रे?"

बंडूनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती कोल्हापूरची नव्हेच. "आंबील यात्रा की ताई! रेणुकेची. सगळी गल्ली निवद घेऊन गेलती."

५

सौंदत्तीची यात्रा करून देवीचे जग, म्हणजे डोक्यावर वाहिलेल्या तिच्या मूर्तीच्या पाट्या, परतले की कोल्हापुरात आंबील यात्रा भरते. घरोघरी कण्यांची आंबील, घुगऱ्या, वड्या, भाकरी होते. डोक्यावरून निवद जातो, उरलेला प्रसाद म्हणून वाटला जातो. क्रांतीनं हे लहानपणापासून पाहिलं होतं, आणि म्हणूनच ते तिला दिसलं नव्हतं.

फौजदारांनी विचारलं होतं, पिंपात कुणी काय घातलं काय? घालायचं ते मीठ, ताक, विष. प्रसाद कुणी "घालत" नाही. आंबिलीत प्रसाद मिसळणाऱ्याला आपण अन्नात काही मिसळतोय हे मनातही येत नाही. तो वाटतो. असा प्रश्न विचारला तर देवभोळं माणूस शपथेवर न्हाई म्हणेल, आणि शपथ खरी असेल.

शनिवारी सकाळी ती अक्काच्या घरी गेली. बायडाबाई विळीवर मेथी चिरत होती. अक्का उन्हाच्या तिरपीत बसून वाती वळत होती. मोतीबिंदूमुळे तिला आताशा माणसं आवाजावरून कळत. वाती मात्र बोटांना पाठ होत्या.

क्रांतीनं वाटेत प्रश्न घडवून ठेवला होता.

"अक्का, यात्रेचा प्रसाद गुरुवारी कट्ट्यावर कुणी दिला गं?"

"मीच की," अक्का म्हणाली. "एवढा उरलेला. बायडी भाईर वाटत हुती, तवा आतल्या पिंपात वतला. सगळ्यांच्या मुखात जाऊ दे म्हनलं. मला गुरवारचा उपास, न्हाईतर मीबी प्यालो असतो."

विळीवरचा हात थांबला. बायडाबाईनं मान वर केली नाही.

"का गं?" विळीचा आवाज थांबलेला अक्काला कळला असावा. "काय झालं?"

"फौजदारांना सांगितलं नाहीस."

"त्यांनी कुठं परसादाचं इचारलं? त्यांनी इचारलं, काय घातलं काय. मी कशाला काय घालतोय?" मग तिच्या आवाजाला धार आली. "क्रांते, देवीच्या परसादानं कुनाला बाधा हुईत न्हाई. बुधवारी निम्म्या गल्लीनं त्योच खाल्ला. कुनाचं पोट दुखलं?"

प्रश्न रास्त होता. क्रांतीनं दुसरा विचारला.

"तो कशात ठेवला होतास?"

"देवीच्या तपेल्यात. तिला इस्टील चालत न्हाई. बुधवारी सकाळपासनं पितळीतच हुता. त्याला काय हुतंय? कल्हईचं भांडं हाय."

गल्लीतल्या छोट्या देवळीतलं ते पितळी तपेलं यात्रेनंतर अक्काच्याच फळीवर पालथं ठेवलं होतं. क्रांतीनं ते उचलून उजेडात धरलं. बाहेरून ते सोन्यासारखं लखलखत होतं. आतूनही तसंच.

आतून ते तसं असायला नको होतं.

६

गल्लीत पॉलिशचं काम करणारा एकच होता, विश्वजित. तो हुपरीला चांदीच्या कारखान्यात मशीनवर होता. रोज एसटीनं जाऊन यायचा. शनिवारी अर्धा दिवस. दुपारी तो गल्लीच्या कोपऱ्यावर उतरला तेव्हा क्रांती तिथं उभी होती.

"देवळीतलं तपेलं तू चमकवलंस का रे?"

विश्वजितचं तोंड खुललं. "मीच की ताई! यात्रेच्या आधी नेलतं. फुकट केलं, देवीचं म्हनून. पैंजनाला मारतो तसा मशीनच्या फिरत्या कापडाचा बफ मारला. कसलं काळं पडलेलं! भाईरचं लगीच निघालं. आतला मळ मात्र लई चिवट, राखाडी थरच्या थर. धा मिनटं घासला तवा पिवळं दिसलं."

"तो मळ नव्हता, विश्वजित."

"मग?"

"कल्हई होती. आंबट पदार्थ पितळेला लागू नये म्हणून आतून कथलाचा लेप देतात. गुरुवारी कट्ट्यावर वाटलेला प्रसाद रात्रभर त्याच तपेल्यात होता."

तो हसू अर्धवट ठेवून तिच्याकडे बघत राहिला. चोवीस वर्षांचा होता. त्याच्या उभ्या आयुष्यात गल्लीत कल्हईवाला आला नव्हता. घरात सगळं स्टील. राखाडी दिसलं ते मळकं, चमकलं ते स्वच्छ, एवढंच त्याला धंद्यानं शिकवलं होतं.

"गणपतकाका माझ्यामुळं...?"

दोष कुणाच्या पदरात घालायचा हे क्रांतीलाच कळत नव्हतं. एकानं भक्तीनं कल्हई काढली. दुसरीनं भक्तीनं आंबील त्यात रात्रभर ठेवली आणि भक्तीनंच वाटली. बुधवारी दुपारी निम्म्या गल्लीनं खाल्ली तेव्हा ती भांड्यात पडून काही तासच झाले होते. गुरुवारी सकाळपर्यंत ताकानं पितळ खाल्लं होतं.

हे अक्काला पटवणं राहिलं होतं. क्रांतीनं सकाळीच, विश्वजितला गाठण्याआधी, तपेल्यात बंडूचं आंबट ताक ओतून ते झाकून ठेवलं होतं. दिवेलागणीला तिनं झाकण काढलं. काठाशी हिरवट कड धरली होती. पण ती अक्काला दिसणार नव्हती.

अक्कानं हात पुढे केला. "बोट बुडीव माझं."

तिनं ते बोट जिभेच्या टोकाला लावलं आणि लगेच पदरात थुंकली. चुलीपाशी बायडाबाई उभी होती.

"कळकलंय," अक्का म्हणाली. "पितळ उतरलंय त्यात."

मग एकेक शब्द मोजून म्हणाली, "गणपतरावानं एक पेला घेतला. मी म्हनलं, पेपर वाचून घसा सुकतोय तुमचा, देवीचा परसाद हाय, आनिक घ्या. दुसरा मी माझ्या हातानं दिला."

दुसऱ्यांच्या हकिकतींतून खरं काढून क्रांती साहेबाच्या टेबलावर ठेवायची आणि घरी येऊन जेवायची. आज खरं तिच्या आईच्या पदरात होतं. बायडाबाई तिच्याकडेच बघत होती. काही मागत नव्हती, नुसती बघत होती. क्रांती काही बोलली नसती तर प्रयोगशाळेच्या अहवालात तांबं निघालं असतं आणि ते कट्ट्याच्या स्वयंपाकिणीच्या नावावर चढलं असतं.

"चप्पल कुठं हाय माझी?" अक्का उठत म्हणाली.

"अक्का, उद्या सकाळी—"

"बायडीला दिवसभर बसीवलं तवा कुनी सकाळ बघितली? चल."

७

ठाण्यात फौजदारांनी अक्काला खुर्ची दिली, चहा मागवला आणि सगळं ऐकून घेतलं. तपेलं कापडात बांधून ठेवून घेतलं. ते उद्धट वागले नाहीत. त्यांच्यासमोर एक्क्याऐंशी वर्षांची आंधळी होत चाललेली बाई बसली होती, आणि ती स्वतःवर गुन्हा घालून घ्यायला आली होती.

"आजी, तुमचा जबाब लिवून घेतो. पर फिर्यादीत नाव दुसऱ्या बाईचं हाय. फिर्याद मुलानं दिलीय. त्यानं पुरवणी जबाब दिला तर गोष्ट येगळी. न्हाईतर अहवाल येईस्तोवर दोघींनीबी हजेरी लावायची."

"तिचं नाव काढा. माझं घाला."

"तसं खोडता येत न्हाई, आजी."

म्हणून रविवारी सकाळी तिघी दवाखान्यात गेल्या. बायडाबाई यायला तयार नव्हती. अक्कानं तिला ओढत आणलं. अभिराम अतिदक्षता विभागाबाहेर बसला होता, तीन दिवसांची दाढी वाढलेली. अक्कानं उभ्यानंच त्याला सगळं सांगितलं. तपेलं, प्रसाद, दुसरा पेला. काही लपवलं नाही, काही सावरून घेतलं नाही. विश्वजितचं नाव मात्र तिनं घेतलं नाही. ते क्रांतीनं घेतलं.

अभिराम ऐकत होता. शेवटी तो बायडाबाईकडे न बघता म्हणाला, "बाबा फोनवर रोज कट्ट्याचंच बोलायचे. मला वाटायचं, बरं झालं, माझ्यामागची काळजी मिटली."

"मग पोरा, हिचं नाव काढ. हिच्याकडनं काय झालं न्हाई."

"बाबा शुद्धीवर येऊ द्यात. मग बघतो."

"आनि न्हाई आले तर?"

आतून नर्सनं हाक मारली, तसा अभिराम उठून गेला.

सोमवारी दुपारपर्यंतची हकिकत एवढीच आहे. प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नाही. विश्वजित कामावर गेलेला नाही. उदयसिंहांनी गोदामाचं कुलूप काढलेलं नाही, आणि दुकानाची पाटीही लावलेली नाही. अक्का आणि बायडाबाई सकाळी एकाच रिक्षानं ठाण्यात जाऊन हजेरी लावून आल्या. गणपतरावांचं तिसरं डायलिसिस झालं. त्यांनी डोळे उघडलेले नाहीत. अभिरामनं पुरवणी जबाब दिलेला नाही. फिर्यादीत अजून एकच नाव आहे, बायडाबाईचं.